गाडी घेताना रेटिंगचं किती ऐकायचं?

महिंद्रा स्कॉर्पिओ-एन घ्या उदाहरणाला. डिसेंबर २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपने (गाड्या आपटून सुरक्षेचे स्टार देणारी संस्था) तिला मोठ्या प्रवाशांच्या सुरक्षेसाठी ५ स्टार दिले, आणि २०२३ संपायच्या आत ऑस्ट्रेलियाच्या एएनकॅपने त्याच स्कॉर्पिओला शून्य स्टार दिला. पाच आणि शून्य! मग कोणीतरी पैसे खाल्ले असणार असं लगेच वाटतं, पण तसं काही नाही. ऑस्ट्रेलियातल्या परीक्षेत गाडी आपोआप ब्रेक लावते का, लेन सोडली की सावध करते का, या सगळ्याला भरपूर मार्क असतात, आणि तिथे विकायला गेलेल्या गाडीत ते काहीच नव्हतं. पेपर वेगळा, म्हणून मार्क वेगळे.

गाडी घेताना आपण नेमकं हेच विसरतो. ४.५ स्टार, ५ स्टार, ग्राहकांची पहिली पसंती, २५ चं अॅव्हरेज, हे सगळे आकडे एकाच रांगेत मांडतो आणि ज्याची बेरीज जास्त ती गाडी चांगली म्हणतो. वास्तविक प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर असतो आणि तो प्रश्न बऱ्याचदा आपला नसतोच. माझं मत सरळ आहे, रेटिंगवरून यादीतल्या गाड्या कमी करायच्या आणि शोरूममध्ये विचारायचे प्रश्न काढायचे, त्यावरून गाडी फायनल करायची नाही. ते कसं करायचं ते खाली क्रमाने लिहितोय, काही पायऱ्या मोठ्या आहेत कारण तिथेच लोक फसतात.

पायरी १: आधी स्वतःचा कागद

एकही रेटिंग बघायच्या आधी अर्ध्या पानावर लिहा: वर्षाला अंदाजे किती किलोमीटर, शहरात किती आणि हायवेला किती, घरात किती माणसं, लहान मूल किंवा गुडघेदुखीवाले आजी-आजोबा आहेत का, घाट किती वेळा लागतो, गाडी किती वर्षं ठेवणार, जवळचं सर्व्हिस सेंटर किती लांब. हे नाही लिहिलं तर होतं काय की यूट्यूबवर ज्याला जे आवडलं तेच हळूहळू आपल्याला हवंसं वाटायला लागतं, आणि सनरूफशिवाय गाडीच नको इथवर गोष्ट जाते. चंद्रपूरच्या माणसाला आधी एसीचा प्रश्न पडला पाहिजे, मालवण किंवा पणजीवाल्याला गंजाचा, सातारा-महाबळेश्वर करणाऱ्याला चढावर पाच माणसं आणि सामान घेऊन गाडी दम टाकते का याचा. पुण्यात सिंहगड रोडवर रोज संध्याकाळी अडकणाऱ्याने क्लच आणि गिअरबॉक्सचं बघावं, बाकी राहू दे.

पायरी २: क्रॅश टेस्टचे स्टार नीट वाचा

सगळ्या रेटिंगमध्ये माझा सर्वात जास्त भरवसा यावर आहे, कारण इथे मत नसतं, माप असतं. पण वाचायची पद्धत आहे.

थोडा मागचा भाग. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपने पहिल्यांदा भारतातल्या गाड्या आपटल्या, ऑल्टो ८००, नॅनो, आय१०, फिगो आणि पोलो, आणि एअरबॅग नसलेल्या त्या सगळ्या बेसिक गाड्यांना शून्य मिळाला. तेव्हा आपल्याकडे सुरक्षेबद्दल कोणी विचारतच नव्हतं, पहिला प्रश्न 'अॅव्हरेज किती देते'. २०१८ च्या डिसेंबरात टाटा नेक्सॉनला ५ स्टार मिळाले, भारतात बनलेली तशी पहिलीच गाडी, आणि मग कंपन्यांना जाहिरातीत स्टार मिरवायची गोडी लागली. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपलं स्वतःचं भारत एनकॅप सुरू झालं, पहिले निकाल त्याच डिसेंबरात आले, हॅरिअर आणि सफारी.

आता वाचायचं कसं.

एक, तारीख आणि नियम बघा. २०२२ च्या मध्यावर ग्लोबल एनकॅपने भारतातल्या गाड्यांसाठी परीक्षा कडक केली, बाजूने धडक, ईएससी (गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा), पादचाऱ्यांची सुरक्षा, सीटबेल्टची आठवण देणारा बीप असं सगळं आलं. त्यामुळे २०१९-२० चे ५ स्टार आणि २०२४ चे ५ स्टार एका मापाचे नाहीत. सेकंड हॅण्ड घेणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवा कारण जाहिरातीत फक्त 'फाइव्ह स्टार' लिहिलेलं असतं, कोणत्या सालचे ते नाही.

दोन, मोठ्यांचे स्टार आणि मुलांचे स्टार वेगळे असतात. भारत एनकॅपमध्ये मोठ्यांसाठी ३२ पैकी गुण असतात, मुलांसाठी ४९ पैकी, आणि पाच स्टारला अनुक्रमे २७ आणि ४१ लागतात. बलेनोला २०२५ मध्ये मोठ्यांसाठी ४ मिळाले, मुलांसाठी ३. स्कॉर्पिओ-एनच्या त्या ५ स्टारवाल्या निकालातसुद्धा मुलांसाठी ३ च होते. घरात चार वर्षांचं पोरगं असेल तर दुसरा आकडा आधी बघा, सेल्सवाला तो आपणहून सांगणार नाही.

तीन, नुसते स्टार न बघता गुण बघा. २६.९ वाल्या गाडीला ४ आणि २७.१ वाल्या गाडीला ५, म्हणजे काठावरचा फरक, पण बॅनरवर केवढा दिसतो! आणि रिपोर्टमध्ये छाती, गुडघे, मान असं शरीराच्या भागागणिक रंगात दाखवलेलं असतं, ते दोन मिनिटांत समजतं. ग्लोबल एनकॅपच्या रिपोर्टात गाडीचा सांगाडा स्टेबल की अनस्टेबल हेही लिहितात. अनस्टेबल असेल तर एअरबॅग कितीही असू द्या, मी ती गाडी यादीतून काढतो, कारण सांगाडाच टिकला नाही तर एअरबॅगचा पूर्ण उपयोग होत नाही.

चार, तुमचं व्हेरियंट त्यात येतं का ते तपासा. रिपोर्टवर कोणत्या व्हेरियंटना हे रेटिंग लागू आहे ते दिलेलं असतं. परदेशात त्याच नावाच्या गाडीला मिळालेले स्टार तर पूर्ण बाजूला ठेवा.

आणि शेवटचं म्हणजे हे स्टार ठराविक वेगाचे आहेत. समोरून अर्धवट धडक ताशी ६४ किलोमीटरला, बाजूने ५० ला, बाजूने खांबावर २९ ला. आपण समृद्धीवर १२० ने जातो तिथे या टेस्टचा शब्द चालत नाही. शिवाय टेस्टमधल्या डमीने बेल्ट लावलेला असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले ती मर्सिडीज जीएलसी होती, युरो एनकॅपमध्ये ५ स्टार मिळालेलं मॉडेल, आणि मागे बसलेल्यांनी बेल्ट लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. मागच्या सीटवर बेल्ट न लावता बसायचं असेल तर पाच स्टार बघत बसायची गरजच नाही खरं तर.

हो, आणि क्रॅश टेस्टमधून गाडी पाच वर्षं टिकेल का, गिअरबॉक्स त्रास देईल का, हे कळत नाही. 'पाच स्टार आहे म्हणजे दणकट आहे' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! सुरक्षित आणि टिकाऊ हे दोन वेगळे विषय आहेत.

पायरी ३: कंपनीचं अॅव्हरेज

यावर जास्त लिहीत नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेत गाडी रोलरवर चढवून ठराविक वेगाच्या क्रमाने चालवतात, कमाल वेग ९०, एसी बंद, ना सिग्नल ना खड्डा. तो आकडा तुम्हाला मिळणार नाही हे धरूनच चला. पण दोन गाड्यांची तुलना करायला तो उपयोगी आहे कारण दोघींना परीक्षा एकच होती. मालकांचे रिव्ह्यू वाचताना 'डिस्प्लेवर २२ दाखवतंय' आणि 'टाकी फुल ते टाकी फुल मोजलं तर १७ आलं' यातला दुसराच धरा.

आणि रिव्ह्यूची तारीख! २०२३-२४ पासून पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, येऊ लागलं आणि २०२५ पर्यंत जवळपास सगळीकडे तेच झालं. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी, त्यामुळे मायलेज थोडं उतरतंच. म्हणजे २०२१ च्या माणसाने दिलेलं अॅव्हरेज आणि आजच्या माणसाचं अॅव्हरेज एकत्र करून सरासरी काढली तर ती कोणाच्याच कामाची नाही.

पायरी ४: मालकांचे रिव्ह्यू, इथे वेळ द्या

सगळ्यात जास्त माहिती इथे आहे आणि सगळ्यात जास्त कचरापण इथेच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे लिहितं कोण. गाडी नीट चाललीये, कधी त्रास नाही, असा माणूस रिव्ह्यू लिहायला कशाला बसेल? लिहितात ते नव्या गाडीच्या आनंदात असलेले किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये तीन तास बसून डोकं फिरलेले. म्हणून बहुतेक ठिकाणी ५ चे ढीग आणि १ चे ढीग दिसतात आणि मधे थोडेच, आणि त्यांची सरासरी ४.२ आली तरी ४.२ असा अनुभव असलेला माणूस मुळात सापडतच नाही. सरासरी सोडा. २, ३ आणि ४ स्टारवाले आधी वाचा, ती माणसं साधारण शांत डोक्याने लिहितात, 'इंजिन मस्त पण मागची सीट ताठ आहे, आईला त्रास होतो' असं काहीतरी कामाचं मिळतं.

दुसरं म्हणजे किती किलोमीटरनंतर लिहिलंय. डिलिव्हरीच्या दिवशी पेढे वाटताना दिलेलं ५ स्टार म्हणजे पहिल्या घासाला 'जेवण कसं झालं' विचारण्यासारखं. मी तर ५००० किमीच्या आतले सगळे रिव्ह्यू सोडून देतो. १०,००० ते २०,००० मध्ये सस्पेन्शनची खडखड, डॅशबोर्डचा आवाज, पहिल्या दोन सर्व्हिसची बिलं कळतात, ४०,००० नंतर क्लच, टायर, ब्रेक पॅड, बॅटरी. पाच वर्षं गाडी ठेवणार असाल तर ४०,००० च्या पुढचे चार रिव्ह्यू हे नव्या गाडीच्या चारशेंपेक्षा जड आहेत.

तिसरं, आकडा किती लोकांचा. समजा एका गाडीला १२ जणांनी सरासरी ४.८ दिलेत आणि दुसरीला ४०० जणांनी ४.३. कोणती वर? एक सोपी युक्ती आहे, दोघींच्या हिशोबात मनातल्या मनात ३ स्टारचे १० रिव्ह्यू टाका. पहिलीचं होतं १२ गुणिले ४.८ म्हणजे ५७.६, अधिक ३०, भागिले २२, साधारण ३.९८. दुसरीचं १७२० अधिक ३०, भागिले ४१०, साधारण ४.२७. झालं, क्रम उलटला. फार शास्त्रोक्त नाहीये पण थोड्या लोकांच्या उत्साहाला लगाम बसतो.

चौथी युक्ती मला सगळ्यात आवडते आणि फार कमी लोक करतात. आपल्याकडे एकच गाडी दोन नावांनी विकली जाते. बलेनो आणि ग्लान्झा, अर्टिगा आणि रुमियन, ग्रँड विटारा आणि हायरायडर, जुन्यात बघायचं तर डस्टर आणि टेरानो, व्हेंटो आणि रॅपिड. लोखंड तेच, इंजिन तेच, बऱ्याच वेळा कारखानापण एकच, ग्लान्झा आणि रुमियन सुझुकीच बनवून देते, ग्रँड विटारा टोयोटाच्या बिडदीच्या प्लांटमध्ये बनायला लागली. आता एकाच साईटवर या जुळ्यांची रेटिंग शेजारी शेजारी उघडा. त्यांच्यात जो फरक दिसेल तो गाडीचा नाही, तो लोगोचा, डीलरचा, वॉरंटीचा आणि लोकांच्या अपेक्षेचा आहे. समजा जुळ्यांमध्येच ०.३ चा फरक निघाला, तर त्याच साईटवर दोन वेगळ्या गाड्यांमधल्या ०.२ च्या फरकावर डोकं खाजवायचं कारण उरलं नाही. त्या साईटच्या तराजूची चूक किती हे तुम्हाला फुकटात मोजून मिळालं.

जुळ्यांचा आणखी एक फायदा, तक्रारी दोन्हीकडे शोधता येतात. नुसतं मॉडेलच्या नावाने न शोधता इंजिन आणि गिअरबॉक्सच्या नावाने शोधा. तैगुन, कुशाक, व्हर्टस, स्लाव्हिया यांत तेच टर्बो पेट्रोल, क्रेटा आणि सेल्टॉसमध्ये बरंच काही सामाईक. नवीन मॉडेल आलंय आणि त्याचे रिव्ह्यू अजून नाहीत, पण इंजिन-गिअरबॉक्स चार वर्षं दुसऱ्या गाडीत चालतंय असं पुष्कळदा असतं, मग तिथला अनुभव वाचा.

पाचवं, तक्रारी वाचताना तीन ढीग करा. गाडीची तक्रार: 'दुसऱ्या गिअरला झटका बसतो', 'चढावर बंपर टू बंपर असताना गिअरबॉक्स गरम झाल्याची वॉर्निंग येते', 'पावसात दाराच्या रबरातून पाणी येतं'. डीलरची तक्रार: 'नंबर प्लेट महिनाभर नाही', 'न सांगता बिलात कोटिंग लावलं'. आणि अपेक्षेची तक्रार: 'एएमटी घेतली पण स्मूथ नाही', अरे बाबा एएमटी आहे ती, आत मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मशीन करतं. तिसरा ढीग फेकून द्या, दुसरा पायरी ६ साठी ठेवा. पहिल्या ढिगात एकच तक्रार, वेगवेगळ्या शहरांतल्या लोकांनी, वेगवेगळ्या महिन्यांत, आपापल्या शब्दांत लिहिलेली दिसली तर थांबा. ती खरी. एकाचीच भडकलेली मोठी पोस्ट दोनशे जणांनी शेअर केली म्हणजे दोनशे तक्रारी होत नाहीत.

खोटे रिव्ह्यू ओळखायचे तर एकाच आठवड्यात आलेले दहा-पंधरा, सगळ्यांत गाडीचं पूर्ण नाव व्हेरियंटसकट आणि ब्रोशरची भाषा, एकही खोट नाही, त्या प्रोफाइलवर दुसरा रिव्ह्यू नाही. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० नावाचं मानक काढलं, रिव्ह्यू लिहिणारा खरा आहे का ते साईटने तपासावं वगैरे, पण ते पाळणं ऐच्छिक ठेवलं होतं. म्हणजे चाळणी आपली आपणच धरायची.

यूट्यूबवाल्यांबद्दल दोन ओळी. नव्या गाडीचा पहिला व्हिडिओ बऱ्याचदा कंपनीने बोलावलेल्या ड्राइव्हवर शूट केलेला असतो, टॉप व्हेरियंट, नवे टायर, छान रस्ता. पैसे किंवा फायदा घेतला असेल तर तसं लेबल लावावं असे जाहिरात मानक परिषदेचे २०२१ चे नियम आहेत, ते लेबल शोधा. या व्हिडिओंवरून सीटमागची जागा, डिकी, स्क्रीन हे बघायला हरकत नाही. टिकाऊपणाबद्दल पहिल्या दिवशी कोणालाच काही माहीत नसतं, त्यांनाही नाही.

पायरी ५: मोठे सर्व्हे आणि त्यांची मर्यादा

जाहिरातीत 'जे डी पॉवरमध्ये पहिला नंबर' असं दिसलं की कुठला अभ्यास ते विचारा, ही गाडीमालकांचे सर्व्हे करणारी अमेरिकन कंपनी आहे. त्यांचा अमेरिकेतला इनिशियल क्वालिटीवाला अभ्यास पहिल्या ९० दिवसांतल्या अडचणी दर १०० गाड्यांमागे मोजतो, म्हणजे आकडा जितका लहान तितकं चांगलं. त्यात ब्लूटूथ जोडलं जात नाही ही एक अडचण आणि गिअरबॉक्स अडकतो हीपण एकच अडचण. तुमच्या दृष्टीने त्या सारख्या आहेत का? तीन वर्षांच्या गाड्यांवरचा अभ्यास वेगळा असतो, तो जास्त कामाचा. आणि वेगळ्या सर्व्हेत फक्त विक्रीच्या वेळची किंवा सर्व्हिसची खुशी मोजतात, त्याचा गाडीच्या लोखंडाशी संबंध नाही.

जे लोक अमेरिकेत आहेत त्यांच्याकडे कन्झ्युमर रिपोर्ट्स आहे, १९३६ पासूनची संस्था, गाड्या स्वतः दुकानातून विकत घेते, जाहिरात घेत नाही, सभासदांकडून मोठा सर्व्हे करते. मला त्यांचं काम आवडतं आणि त्यांच्याच इतिहासात शिकण्यासारखं आहे. टोयोटाचं नवं मॉडेल आलं की ते टिकाऊ असणारच असं धरून ते अनुभव जमायच्या आधीच शिफारस करायचे, २००७ मध्ये व्ही६ कॅमरी आणि काही मॉडेल सरासरीच्या खाली गेली तेव्हा त्यांनी ही सवलत बंद केली. कंपनीच्या नावावर आंधळा भरवसा नको हे खुद्द मोजणाऱ्यांनाही शिकावं लागलं. २०१८ मध्ये तर त्यांनी टेस्ला मॉडेल ३ ला ब्रेकिंगचं अंतर जास्त म्हणून शिफारस नाकारली, कंपनीने काही दिवसांत इंटरनेटवरून सॉफ्टवेअर बदललं, अंतर कमी झालं आणि शिफारस मिळाली. म्हणजे आता गाडी विकत घेतल्यावरही बदलते, जुनं रेटिंग त्या जुन्या सॉफ्टवेअरचं असतं. पण तिथल्या कोरोलाचा किंवा सीआर-व्हीचा निकाल घेऊन इथल्या भावाला 'टोयोटा घे डोळे झाकून' सांगू नका, इथे तो जी टोयोटा घेईल ती कदाचित बलेनोच असेल.

आणि काही दोष असे असतात की कुठल्याच सर्व्हेत वेळेवर दिसत नाहीत. टाकाटा कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण आठवा, आतलं रसायन उष्ण-दमट हवेत वर्षानुवर्षं राहून बिघडायचं आणि एअरबॅग फुटताना धातूचे तुकडे उडायचे. ज्या गाड्यांत त्या होत्या त्यांतल्या पुष्कळ गाड्या नावाजलेल्या होत्या, उत्तम रेटिंगवाल्या. भारतातही होंडाने लाखो गाड्या त्यासाठी परत बोलावल्या. म्हणून सेकंड हॅण्ड घेताना चासी नंबर कंपनीच्या साईटवर टाकून रिकॉलचं काम बाकी आहे का ते बघाच, दोन मिनिटांचं काम आहे. सियाम या गाडी कंपन्यांच्या संघटनेच्या साईटवरही रिकॉलची यादी असते. रिकॉल झाला म्हणजे गाडी वाईट असं मी मानत नाही, उलट गुपचूप न ठेवता जाहीर केलं हे बरं. तोच भाग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा परत बोलावला असेल तर मात्र विचार करा.

पायरी ६: डीलरचं रेटिंग वेगळं काढा

गाडी एकदा घ्यायची असते, सर्व्हिस सेंटरला पुढची पाच-सात वर्षं जायचं असतं. शोरूमचं गुगलवरचं ४.८ बघून खूश होऊ नका, डिलिव्हरीच्या वेळी चावीसोबत फोटो काढताना 'सर तेवढं फाइव्ह स्टार टाका ना' म्हणून तिथल्या तिथे घेतलेले असतात ते. बघायचं ते त्याच डीलरच्या वर्कशॉपचं, बऱ्याचदा त्याची नोंद मॅपवर वेगळी असते आणि आकडा बराच खाली असतो. तिथे नवीन-ते-जुने असं लावून गेल्या सहा महिन्यांतले वाचा, कारण मॅनेजर बदलला की वर्कशॉप बदलतं. तक्रारीखाली 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, कृपया संपर्क करा' हेच छापील उत्तर सगळीकडे असेल तर समजून घ्या.

मग एका शनिवारी सकाळी तिथे स्वतः जा. गाड्या घेऊन आलेल्या चार माणसांना विचारा, किती किमी झाले, बिल किती येतं, सांगितलेल्या वेळेला गाडी मिळते का, पार्ट लगेच मिळतो का. लोक आनंदाने बोलतात, गाडीबद्दल बोलायला मराठी माणसाला आमंत्रण लागत नाही.

अजून दोन जागा. एक म्हणजे ओला-उबेर नाहीतर टूरवाले ड्रायव्हर, दीड-दोन लाख किमी झालेली डिझायर किंवा अर्टिगा चालवणारा माणूस तुम्हाला क्लच कधी बदलला, सस्पेन्शनचं काय झालं हे पाठ सांगतो, फक्त तो गाडी रोज चालवतो हे ध्यानात ठेवा, आठवड्यातून एकदा चालणाऱ्या गाडीचे आजार वेगळे. दुसरा सेकंड हॅण्ड गाड्यांचा डीलर. त्याला विचारा, ही गाडी चार वर्षांनी आणली तर काय देशील? तो खिशातून पैसे घालून मत देतो, त्यामुळे त्याचं रेटिंग मी फार मानतो. नाक्यावरच्या मेकॅनिकचंही ऐका, पण त्याच्याकडे आजारीच गाड्या येतात आणि जी गाडी गावात जास्त विकली गेली तीच त्याला जास्त दिसते, मग 'त्या कंपनीच्या लई येतात बघा' याचा अर्थ तेवढाच घ्यायचा.

पायरी ७: आता टेस्ट ड्राइव्ह

इथवर यादीत दोन, फार तर तीन गाड्या राहिल्या पाहिजेत. पहिल्या ढिगातल्या तक्रारी फोनमध्ये लिहून न्या आणि त्या मुद्दाम काढायला जा. झटक्याची तक्रार असेल तर ट्रॅफिकमध्ये चालवा, चढाची असेल तर फ्लायओव्हरच्या चढावर थांबून निघा, खडखडीची असेल तर म्युझिक बंद करून खराब रस्त्याने न्या. शोरूमवाल्याने ठरवलेली गुळगुळीत दोन किलोमीटरची फेरी ही टेस्ट ड्राइव्ह नाही. जे व्हेरियंट घेणार तेच मागा, निदान तेच इंजिन आणि तोच गिअरबॉक्स. एसीचं खरं उत्तर दुपारी दोनला मिळतं, डिसेंबरातल्या संध्याकाळी कुठलाही एसी थंडगार वाटतो. आजीला मागे बसवून न्या, तिला चढता-उतरता येतं का ते कुठल्याच रिव्ह्यूत लिहिलेलं नसतं.

रेटिंग आणि स्वतःचा अनुभव यांत फरक पडला तर काय? बसायला, चालवायला, दिसायला कशी आहे यात तुमचंच खरं, तिथे हजार लोक चुकले तरी चालेल. गाडी सुरक्षित आहे का, चार वर्षांनी काय होईल, यात तुमचा अर्धा तास काहीच नाही, तिथे टेस्टचा रिपोर्ट आणि ४०,००० वाल्यांचं ऐका. 'दार लावताना कसला भारी आवाज येतो' यावरून सुरक्षा ठरवू नका.

पायरी ८: बुकिंगनंतर तुमच्याकडून रेटिंग घेतलं जाईल तेव्हा

डिलिव्हरीला सेल्सवाला हळूच म्हणेल, 'सर, कंपनीतून फोन येईल, प्लीज दहापैकी दहा द्या, नऊ दिले तरी आमचा इन्सेंटिव्ह जातो.' त्या पोराचा यात दोष नाही, पद्धतच तशी बसवलीये, पण 'ग्राहक समाधान' म्हणून छापले जाणारे आकडे कशातून येऊ शकतात ते इथे दिसतं. आणि दुसरं असं की तो फोन येईपर्यंतच तुमच्या हातात थोडा जोर आहे. त्याआधी आरसी, नंबर प्लेट, दुसरी चावी, इन्शुरन्सची मूळ कॉपी, कबूल केलेल्या अॅक्सेसरीज आणि एक्स्टेंडेड वॉरंटीचा कागद, सगळं मिळालं का ते बघा. काही राहिलं असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा की दहा देतो, पण हे पाच आयटम आल्यावर. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी फोन येतो, 'सर, नंबर प्लेट आलीये, कधी येताय?'